प्लगवरची शेकोटी

खोटे ओळखण्याबद्दल मला दरमहा पगार मिळतो. यावरून मी पोलीस खात्यात असेन किंवा पत्रिका बघत असेन असा तुमचा समज होईल, म्हणून खुलासा करतो : मी बँकेत कारकून आहे. गेली वीस वर्षे मी नोटा उजेडाकडे धरतो, कोऱ्या जागेत गांधीजी उमटतात का ते बघतो, चकाकणारी तार तपासतो, आणि नोट खोटी निघाली तर तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करतो. ती ग्राहकाला परत द्यायची नसते, फक्त पोच द्यायची असते. पोच घेताना ग्राहक माझ्याकडे असे बघतो, की जणू काल रात्री मीच ती घरी छापली!

अशा या माणसाने गेल्या डिसेंबरात स्वतःच्या पायांनी सोलापूरला जाऊन, स्वतःच्या खिशातले खरे पैसे मोजून, खोटी आग विकत आणली. त्याची ही हकिकत.

धाराशिवला थंडी पडते यावर पुण्या-मुंबईचे पाहुणे विश्वास ठेवत नाहीत. त्यांच्या मते मराठवाडा म्हणजे ऊन आणि पाण्याचे टँकर. पण आमचे गाव बालाघाटच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे. २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले तेव्हा शाखेचे शिक्के बदलले, पाट्या बदलल्या. थंडी मात्र कुणालाही न विचारता जुन्याच पत्त्यावर येते. तिच्यावर आमचा एकच उपाय : सोलापुरी चादर. फार झाले तर दोन.

पण गेल्या वर्षी आई आमच्याकडे राहायला आली. वडील गेल्यावर चार वर्षे ती उमरगा तालुक्यातल्या आमच्या गावी एकटीच होती. फ्लॅट तिने नीट हिंडून पाहिला आणि म्हणाली, "समदं हाय बाबा तुझ्या घरात. पेटतं तेवढं कायबी नाही."

"गॅस आहे की!"

"गॅसम्होरं कुणी बसतंय का?"

यावर बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हते.

आईला पहाटे चारच्या आत जाग येते. ते आम्ही तिच्या वयाच्या खाती टाकून मोकळे झालो होतो. एके दिवशी त्या वेळी उठून तिने बाल्कनीत घमेले ठेवले, गावाहून आणलेल्या तुराट्या मोडून त्यात घातल्या आणि छान शेकोटी पेटवली. धूर सरळ वर गेला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांत मुक्कामाला राहिला. संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर आमचे नाव न लिहिता आमचे संपूर्ण वर्णन लावले.

सेक्रेटरींना दोष देण्यात अर्थ नाही. लंडनवर १९५२ च्या डिसेंबरात कोळशाच्या धुराचे असे धुके बसले, की हजारो माणसे दगावली, आणि १९५६ साली तिथल्या पार्लमेंटला धुराविरुद्ध कायदा करावा लागला. पण इंग्रज माणूस आगीपुढे बसल्याशिवाय संध्याकाळ झाली असे मानत नाही. म्हणून तिथे विजेच्या हीटरमध्ये लाल दिवा, त्याच्या गरम हवेवर फिरणारे पत्र्याचे चक्र आणि वर बनावट निखारे, अशी सोय काढलेली होती. एकूण काय, आमच्या आईचा आणि इंग्रजांचा प्रश्न एकच होता.

त्याचे उत्तर आमच्या चिरंजीवांनी मोबाइलवर शोधले : लाकडाच्या शेगडीसारखी दिसणारी विजेची शेगडी. "बाबा, ऑनलाइन मागवू?" मी म्हणालो, आग ही बघून घ्यायची वस्तू आहे. रविवारी आम्ही सगळे एस. टी.ने सोलापूरला गेलो.

दुकानात एका बाजूला साधे रॉडचे हीटर होते, किंमत बाराशे. दुसऱ्या बाजूला ते प्रकरण, किंमत अकरा हजार. काळे लोखंडी रूप, चार पाय, पुढे काचेचे दार, आत प्लॅस्टिकचे ओंडके आणि त्यांवर नाचणारा तांबडा-पिवळा जाळ.

"सर, नकली आहे हे ओळखूच येणार नाही!" विक्रेता अभिमानाने म्हणाला. ज्या गुणासाठी आमच्याकडे फौजदारी होते, त्याच गुणाचे हा जादा पैसे मागत होता.

सवयीप्रमाणे मी म्हणालो, "उलटी करून दाखवा." मागचे झाकण काढल्यावर सगळा व्यवहार उघडा पडला. खाली एलईडीचे दिवे, त्यांच्यापुढे चमकत्या पट्ट्या लावलेला फिरता दांडा, आणि त्यावरून उसळणारा उजेड पुढच्या दुधी पडद्यावर. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या देखाव्यात धबधबा असाच पडायचा.

"जाळ कमी-जास्त होतो सर. निळासुद्धा होतो."

"निळा जाळ कुणाला हवा असतो?"

"कस्टमर मागतात सर," तो म्हणाला आणि खिन्न झाला.

मी खिशातले पेन काढले. दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट खाणार. तो बाराशेचा असो की अकरा हजारांचा, दोन युनिटांची ऊब दोन युनिटांएवढीच. जाळाचे दिवे तर नुसते चालवले तर मीटरला पत्ताही लागत नाही. म्हणजे वरचे नऊ हजार आठशे रुपये निव्वळ दिसण्याचे. मी रॉडच्या हीटरकडे वळलो.

आई एव्हाना दुकानातल्या स्टुलावर त्या शेगडीपुढे बसली होती. तिकडेच बघत ती म्हणाली, "हेच घे."

"आई, अगं ते खोटं आहे."

"ठावं हाय मला. मी काय येडी हाय?"

आईपुढे कुठल्याच रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक चालत नाही. मी पैसे भरले.

घरी आल्यावर नवीन गोष्ट कळली. दोन हजार भागिले दोनशे तीस, म्हणजे पावणेनऊ अँपिअर. आणि हॉलमधले सॉकेट सहाचे. वायरमन बोलवला, जाड वायर ओढली, सोळाचे सॉकेट बसवले. उद्घाटनाला शेजारीपाजारी आले. सेक्रेटरीही आले आणि बराच वेळ धूर शोधत बसले.

आईने काचेपुढे तळहात धरले. ते गारच राहिले. कारण ऊब खालच्या जाळीतून येत होती.

"जाळ हितं आन् ऊब पायाशी?" आई म्हणाली. मग तिने चौकशी सुरू केली. "ह्येच्यावर हुरडा भाजतोय का?"

"नाही."

"कणीस?"

"नाही गं."

"बरं, भांडी घासायला राख तरी पडतीया का?"

"राखही नाही."

"आन् खातंय किती?"

"तासाला दोन युनिट."

आईने माझ्याकडे असे पाहिले, की मला खोटी नोट घेऊन काउंटरवर आलेल्या सगळ्या ग्राहकांची प्रथमच दया आली.

पुढे आठवडाभर शेगडी लावलेली कुणी पाहिली नाही. लाइट बिलही नेहमीएवढेच आले. अकरा हजार अधिक वायरमन, ही सगळी रक्कम मी मनातल्या मनात बुडीत खाती टाकली.

मग एका पहाटे पाणी प्यायला उठलो. हॉलमध्ये तांबूस उजेड हलत होता. आई शेगडीपुढे शाल घेऊन बसली होती. ऊब बंद आणि नुसता जाळ चालू. ते बटन नातवाने शिकवलेले. त्या खोट्या जाळाच्या उजेडात ती देवाच्या दिव्यासाठी वाती वळत होती. घड्याळात चारला पाच कमी होते.

"थंडी वाजत नाही का? हीटर तरी लाव."

"थंडीला शाल हाय की." थोडा वेळ ती वातच वळत राहिली. मग म्हणाली, "ह्या टायमाला जाग येतीया. भूकंपापास्नं."

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गावे नुकती कुठे झोपली होती. तिकडे किल्लारी, इकडे आपल्या जिल्ह्यात सास्तूर, दगडमातीच्या घरांचे ढिगारे झाले. आमच्या घराच्या भिंती तडकल्या, पडल्या नाहीत. पण पुढे कितीतरी महिने माळवदाखाली झोपायची कुणाची छाती झाली नाही. आम्ही शेतात कडब्याची कोपी करून राहिलो. मी तेव्हा तेरा वर्षांचा. मला त्यातली मजाच आठवते : शाळा बंद, रात्रभर शेकोटी, हिवाळ्यात हुरडा.

"तुझं वडील शेकोटी इझू देत नव्हते," आई म्हणाली. "सारखी जाग यायची. मग जाळाच्या उजेडात तुमची तोंडं मोजायची. तिघं हाईत का? हाईत. मग डोळा लागायचा. गावाकडं एकटी होते, मोजायला कुणी नव्हतं. हितं ट्यूब लावली तर तुमी उठताव. ह्येच्या उजेडात बरोबर दिसतंय."

दोन्ही खोल्यांची दारे ती रात्री उघडी का ठेवायला लावते, हे मला तेव्हा कळले. आम्ही ते हवेच्या खाती टाकले होते.

काय बोलावे ते सुचेना. "मग? झाले का मोजून?" मी विचारले.

"झालं असतं," आई म्हणाली, "तू उठून आलास, आता एक कमी भरायलाय. जा, झोप."

मी मुकाट्याने जाऊन पांघरूण घेतले. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्यामुळे कुणाची कॅश कमी भरलेली नाही.