मऊ चिलखत

चिलखत म्हटले की आम्हां मराठी माणसांना 1659 सालचा प्रतापगडाचा पायथा आठवतो. अंगरख्याखाली ते चिलखत नसते तर काय झाले असते, या प्रश्नावर आमच्या पिढ्या वाढल्या. तेव्हा रक्षण करणारी वस्तू कठीणच असायची, असे आपण धरून चालतो. तट पाषाणाचा, दार सागवानी, ढाल लोखंडाची! जे वाकत नाही ते वाचवते.

आजच्या पोलिसाच्या अंगातले चिलखत मात्र चक्क कापडाचे असते. घट्ट विणीच्या पिवळसर कापडाचे कितीतरी पदर एकावर एक रचलेले. हेच पदर राळेत भिजवून, दाबून सैनिकाचे शिरस्त्राण करतात.

या धाग्याची जन्मकथाही घरगुतीच आहे. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत 1965 साली स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाई मोटारीच्या टायरसाठी हलका, बळकट धागा शोधीत होत्या. द्रावण दाट आणि नितळ असायचे, ते निघाले ताकासारखे पातळ नि गढूळ. धागा काढण्याच्या यंत्रावरचा गृहस्थ ते घालायला राजी होईना. बारीक छिद्रे तुंबतील ही त्याची धास्ती. बाईंनी त्याला कसेबसे वळवले, आणि त्या ताकातून केव्लार निघाला. तेवढ्याच वजनाच्या पोलादाहून पाचपट ताण सोसणारा!

पण मला खरे नवल वाटते ते त्याच्या सोसण्याच्या रीतीचे. पिस्तुलाची गोळी सेकंदाला सुमारे चारशे मीटर वेगाने येते. पहिल्या पदरांना ताणायलासुद्धा सवड नसते; गोळी आणि मागचे पदर यांच्या कात्रीत सापडून ते कापले जातात. मागचे पदर मात्र ताणले जातात. गोळी भिडलेल्या धाग्यातून ताणाची लाट सेकंदाला सहा-सात हजार मीटर वेगाने दोन्ही अंगांना धावते. गोळी एक मिलिमीटर सरकते न सरकते तोच पंधरा-सोळा मिलिमीटर दूरवर ओढ पोहोचलेली असते. उभा धागा आडव्याला खेचतो, कापडाच्या मागे लहानसा डोंगर उभा राहतो, आणि शिशाची गोळी भूछत्रासारखी चपटी होऊन आणखीच धाग्यांत अडकते. पापणी लवायच्या आत सारे संपलेले असते. एकाच्या वाट्याचा घाव शंभरांनी वाटून घेतला!

गोळी झेललेला राळेतला एक तुकडा मी एकदा हातात घेतला होता. पुढून पाहिले तर गोळीच्याच मापाचे नेटके छिद्र. मागे मात्र मोठा फुगवटा, पदर एकमेकांपासून सुटलेले, आणि धागे उभे चिरून त्यांच्या कापसासारख्या बटा झालेल्या. मला आधी वाटले, राळ कमी पडली असावी. पण राळ मुद्दामच हात राखून घालतात. पदर फार घट्ट चिकटले तर त्यांना ताणताही येत नाही नि सुटताही येत नाही. सारी पाटी ठिसूळ होते आणि गोळी खुशाल आरपार जाते. वेळ येताच सुटायचे, फाटायचे, आणि त्या सुटण्याफाटण्यात गोळीचा जोर खर्ची घालायचा, हीच तिथली विद्या!

तिलाही मर्यादा आहेत. रायफलीच्या दुप्पट वेगाच्या गोळीपुढे नुसते कापड टिकत नाही. समोर चिनी मातीच्या जातीची कठीण पाटी लावावी लागते. दाभणासारखे टोक तर दोन धाग्यांमधून वाट काढते.

अमेरिकेतल्या कसोटीत चिलखतामागे मळलेली माती ठेवतात. गोळी अडली तरी मातीत 44 मिलिमीटरहून खोल खळगा पडता कामा नये. त्या मातीच्या जागी कुणाची तरी छाती असते, हे ध्यानात आले म्हणजे अंगावर काटा येतो. प्राण वाचतो, पण बरगडी मोडू शकते. आणि गोळी झेललेले चिलखत पुन्हा वापरायचे नसते. त्याचे काम तेवढ्यात सरते.

घरोघर अशी माणसे असतात. सगळ्यांच्या वाट्याचे घाव ती बिनबोभाट झेलतात, आणि आपण त्यांना कणखर म्हणून मोकळे होतो. उद्याचे घावही त्यांच्याच अंगावर टाकतो. पुढून छिद्र लहानच दिसते. आत किती पदर सुटले आहेत, हे मागे जाऊन पाहावे लागते. सणाच्या दिवशी घर भरलेले असताना एवढे एकदा पाहून घ्यावे.