केमोतला ताप

दादाच्या लिम्फोमाची केमो सुरू झाली तेव्हा नर्सताईंनी वहिनीला बजावलं होतं, "ताप १००.४ झाला की रात्र असो वा दिवस, लगेच या. क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका." केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली येतात. तेव्हा जंतू रक्तात शिरले, तर त्यांना अडवायला शरीरात फारसं काही उरलेलं नसतं.

दुसऱ्या केमोनंतर एका रात्री दादाला हुडहुडी भरली. नाहूर पूर्वेहून रिक्षाने आम्ही जवळचं इस्पितळ गाठलं. कल्चरसाठी रक्त घेऊन तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालं. तरीही पहाटे बीपी कोसळलं आणि त्याला आयसीयूत हलवलं. सकाळी हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, सुई टोचलेल्या जागा पाझरू लागल्या, पायांवर जांभळे ठिपके उमटले. लघवी कमी झाली.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते आधी उलटंच वाटलं. सेप्सिसमुळे बारीक रक्तवाहिन्यांत जागोजागी गुठळ्या होत होत्या. त्यात प्लेटलेट्स आणि रक्त गोठवणारी प्रथिनं खर्ची पडत होती, म्हणून बाकी ठिकाणी रक्त थांबत नव्हतं. याला ते डीआयसी म्हणत. केमोने प्लेटलेट्स आधीच उतरलेल्या, त्यात ही भर.

"मग रक्त थांबवायचं इंजेक्शन द्या ना," वहिनी म्हणाली.

"त्याने गुठळ्या वाढू शकतात, ताई. मूळ जंतुसंसर्ग आटोक्यात आला तरच हे थांबेल. तोवर जे संपतंय ते भरत राहायचं."

रक्तस्राव चालू होता, म्हणून प्लेटलेट्स ५०,०००च्या वर ठेवायच्या होत्या. शिवाय प्लाझ्मा लागला. गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी फायब्रिनोजेन १५०च्या खाली गेल्यावर ते भरून काढणारं क्रायोही. दिवसातून अनेकदा तपासण्या होत. एकट्या प्लेटलेटच्या आकड्यावर निर्णय होत नव्हता. रक्त गोठायला लागणारा वेळ, गुठळ्या विरघळल्याची खूण असलेला डी-डायमर, फायब्रिनोजेन हे सगळं एकत्र पाहिलं जाई.

माझं काम दाते शोधण्याचं. प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस टिकतात, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकला. नाहूर, भांडुप, मुलुंडमधून मुलं आली. कुणाची शीर बारीक निघाली, कुणी नुकतीच अ‍ॅस्पिरिन घेतली होती. त्यांना परत जावं लागलं. बाकीचे प्लेटलेट्स काढणाऱ्या यंत्राला जोडलेले तास-दीड तास बसले. त्यांतल्या बहुतेकांनी दादाला कधी पाहिलंही नव्हतं.

कल्चरचा रिपोर्ट आल्यावर औषध बदललं आणि ताप उतरू लागला. बीपी सावरलं, सुईच्या जागा कोरड्या झाल्या, फायब्रिनोजेन स्वतःहून चढू लागलं. दादा घरी आला. पुढची केमो उशिरा आणि कमी मात्रेत झाली, सोबत पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं होती.

तुमच्या घरी कुणाची केमो चालू असेल, तर थर्मामीटर उशाशी ठेवा आणि इस्पितळाचा रात्रीचा नंबर फोनमध्ये सेव्ह करा. आणि तुम्ही धडधाकट असाल, तर जवळच्या रक्तपेढीत प्लेटलेटदाता म्हणून नाव नोंदवा.