तात्पर्याचे २ गुण

२२ जुलै २०२५
सहावीच्या वह्या तपासल्या. विषय: चाळीतली बंद खोली. बहुतेकांनी भूत घातलंय. आणि खाली तात्पर्य: खोटे बोलू नये. भुताचा आणि खोट्याचा संबंध काय? पण तात्पर्याला २ गुण असतात. पोरांना ते पक्कं ठाऊक आहे.

२५ जुलै
श्रावणातला पहिला शुक्रवार. घरी जिवतीची कहाणी कोण वाचतं? मोजकेच हात वर. खिडकीजवळची स. म्हणाली, आजी.
मग वर्गाला तिनेच समजावलं. नगर आटपाट. माणसांना नावं नसतात. राजा, राणी, गरीब ब्राह्मण, बस्स. कुणीतरी वसा टाकतं, देव कोपतो. चूक कळली की परत सगळं मिळतं. ऐकणाऱ्यालाही.
“शेवटी वाईट होतच नाही, बाई.”
कथाप्रकार याहून नीट मला सांगता आला नसता.

२८ जुलै
रहस्यकथा. बाबूराव अर्णाळकरांनी हजाराहून जास्त लिहिल्या म्हटल्यावर वर्ग गप्प. झुंजार, काळा पहाड ही नावं फळ्यावर लिहिली. कुणीच ऐकलेली नव्हती. एकाच्या आजोबांनी ऐकली असतील, गिरणीत होते.
विचारलं, चोर शेवटच्या पानावर पहिल्यांदाच दिसला तर? “चीटिंग!” त. ओरडला. खुणा आधी पेरायला हव्यात, हे त्यांनीच काढलं.

३० जुलै
विज्ञानकथा. जयंत नारळीकर मे महिन्यात गेले. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. परीक्षकांवर खऱ्या नावाचं दडपण नको म्हणून. कथा ‘कृष्णविवर’. पहिलं बक्षीस.
हे ऐकून त.ने बंद खोलीत कृष्णविवर ठेवलं. पोरं तुटून पडली: मग चाळ कशी उरली? खोली तरी कशी उरली? तास संपेपर्यंत हिशेब चालू. खूप बरं वाटलं.

३१ जुलै
तीच खोली, नवा प्रकार. सगळे लिहितायत. स.ची परत कहाणीच.

५ ऑगस्ट
तिला विचारलं, एखादी रहस्यकथा लिहून बघ ना.
“त्यात सुरुवातीलाच कुणीतरी मरतं.”
डबा खाताना तिची मैत्रीण सांगून गेली. आजी केईएम रुग्णालयात आहे.

६ ऑगस्ट
स.ची चौथी कहाणी. ‘छान’ लिहिलं. दुसरं काही लिही म्हणून सांगितलं नाही.

११ ऑगस्ट
स. आली नाही.

१३ ऑगस्ट
आजही नाही. लालबागला गणपतीच्या कारखान्यांबाहेर गर्दी, रस्ता ओलांडता येईना.

१९ ऑगस्ट
पावसाने शाळांना सुट्टी. चाचणीचा पेपर काढत बसले. कथालेखन: शीर्षक १, मांडणी २, तात्पर्य २. रहस्यकथेला तात्पर्य कुठून आणायचं? भूतकथेला?

२१ ऑगस्ट
स. आली. केस घट्ट बांधलेले. वही पुढे केली, मीच वाचते म्हणाली.
बंद खोली. दर शुक्रवारी आतून पानं उलटल्याचा आवाज. चाळीतले घाबरून दिवे लावून झोपतात. मुलगी कडी काढते. आतलं भूत तिला विचारतं, पुरण खाल्लंस का?
संपली.
त. म्हणाला, भूत घाबरवत नाही, मग ही भूतकथा कशी? कुणी म्हणालं, ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण तर हसवते, तरी चेटकीणच ना. कुणी म्हणालं, पण चाळ घाबरलीये की. मागून एक: मग ही कहाणी आहे, पुरण आहे, शुक्रवार आहे.
“नाही,” स. म्हणाली. “कहाणी असती तर आजी घरी आली असती.”
वाद थांबला नाही. तीही भांडत होती.

२२ ऑगस्ट
मुख्याध्यापकांना भेटले. तात्पर्याचे २ गुण काढा म्हटलं. म्हणाले, आराखडा ठरलेला असतो. त्या ओळीऐवजी ‘गोष्टीच्या प्रकाराला साजेसा किंवा मुद्दाम मोडलेला शेवट’ असं लिहून कागद त्यांच्याकडे ठेवला. सोमवारी सांगतो म्हणाले. सोमवारी परत जाणार.