टाहोचा टाहो

आई डॅलसला आली आणि माझ्या २००५ च्या शेव्हरोले टाहोत चढताना तिचे गुडघे टाहो फोडायला लागले. म्हटलं, गाडीच दोन इंच खाली घेऊ!

'टाहोसाठी' असं लिहिलेला स्प्रिंगांचा संच मागवला. शनिवारी पुढचं चाक काढलं, तर आत कॉइल स्प्रिंगच नाही. २००० ते २००६ च्या टाहोत पुढे टॉर्शन बार असतो, पीळ घेऊन वजन पेलणारी लांब सळई. पुढे कॉइल आल्या २००७ पासून. २०२१ मध्ये तर मागचा अखंड अ‍ॅक्सलही गेला. नाव तेच, आतला मामला वेगळा. आपल्या धंद्यात म्हणायचं तर, व्हर्जन न बघता लायब्ररी ओढली.

मग नीट वाचलं. पुढे बारच्या की बदलायच्या, मागे आखूड स्प्रिंगा, त्यांना जुळणारे शॉक. मागची बाजू खाली आली की ट्रॅक बार अ‍ॅक्सलला थोडा बाजूला ओढतो, त्याची सोय वेगळी. वर अलाइनमेंट. आणि सात जण बसले की बंप स्टॉपपर्यंत जागा किती उरते? हे आधी मोजायला हवं होतं.

आई सगळं बघत होती. "अरे, एक पाट ठेव ना खाली!"

सध्या डिकीत पाट आहे. संच परत पाठवलाय, शिपिंगचे पैसे गेले.