देवमाशाचं गाणं

"मराठी विभागासाठी काहीतरी लिही," असं सर म्हणाले तेव्हा मला हसूच आलं. पहिली ते दहावी कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं मराठी म्हणजे आनंदीआनंद! 'व्हेल'ला मराठीत 'देवमासा' म्हणतात हेसुद्धा मला गेल्या महिन्यात कळलं. तेही रूममेटकडून, रात्री साडेबाराला.

झालं असं, की सिग्नल्सच्या लॅबसाठी कुठलाही एक आवाज घेऊन त्याचा स्पेक्ट्रोग्राम काढायचा होता. कुणी बुलेटचा आवाज घेतला, कुणी मेसमधल्या ताटांचा खणखणाट. मी घेतलं हम्पबॅक व्हेलचं गाणं. हेडफोन लावले आणि अंगावर काटाच आला. कुणीतरी खूप खोलातून हाक मारतंय, मग जुनं दार करकरतंय, मग पुन्हा हाक. स्क्रीनवर तेच आकार त्याच क्रमाने परत येत होते. म्हणजे हा नुसता आवाज नव्हता, खरोखरच गाणं होतं.

"काय ऐकून राहिली वं एवढ्या रात्री?" रूममेटने विचारलं. ती यवतमाळकडची. मी एक हेडफोन तिच्या कानात दिला. "व्हेल आहे."

"अवं, देवमासा म्हण नं!"

मग मी वाचलेलं सगळं तिला सांगत सुटले. या गाण्यामागे चक्क आपल्यातलाच एक माणूस आहे, इंजिनिअर! फ्रँक वॉटलिंग्टन त्याचं नाव. बर्म्युडा बेटाजवळ समुद्रात मायक्रोफोन सोडून तो अमेरिकन नौदलासाठी पाण्याखालचे आवाज टिपायचा. त्यात हे गाणं सापडलं. शिकाऱ्यांच्या हाती लागलं तर ते यावरूनच देवमासे शोधतील, या भीतीने त्याने टेप लपवून ठेवली. पुढे विश्वासाने ती रॉजर आणि केटी पेन या दाम्पत्याला दिली. १९७० साली त्याची रेकॉर्ड निघाली आणि तुफान खपली. १९७९ मध्ये तर 'नॅशनल जिओग्राफिक'ने अंकासोबत त्या गाण्यांच्या एक कोटीहून जास्त प्रती वाटल्या.

विसाव्या शतकात सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. कशासाठी? तर तेलासाठी, साबणासाठी, मार्गारीनसाठी. आकडे मोजणारा आंतरराष्ट्रीय आयोग होता, त्याच्या दरवर्षी बैठकाही होत होत्या, आणि तरी मासे मरतच होते. आकड्यांनी कुणी हललं नाही. आवाज ऐकला तेव्हा मात्र लोक रस्त्यावर आले. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत दहा वर्षं शिकारबंदीची मागणी झाली. १९७५ मध्ये ग्रीनपीसची पोरं रबरी बोटी घेऊन सोव्हिएत शिकारी जहाज आणि देवमासे यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. हार्पून त्यांच्या डोक्यावरून गेला आणि ते चित्रण टीव्हीवर दिसलं. शेवटी १९८२ मध्ये आयोगात मतदान झालं, बंदीच्या बाजूने २५, विरोधात ७. त्या २५ मध्ये आपला भारतही होता. १९८६ पासून व्यापारी शिकारीवर बंदी आली. नॉर्वेने ती मानली नाही, जपान २०१९ मध्ये आयोगातूनच बाहेर पडला. पण हम्पबॅक मात्र अनेक समुद्रांत पुन्हा वाढले.

मी एका दमात बोलले आणि टाळीसाठी हात पुढे केला. तिने टाळी दिली नाही.

"आमच्याकडं माणसं मरून राहिले," ती म्हणाली, "त्याचे आकडे पेपरात येते. कोणी वाचते का? अन् माशासाठी सारं जग रस्त्यावर. आमची रेकॉर्ड कोण काढते, सांग?"

खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. देवमासे वाचवणाऱ्यांची चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहतो. तिच्या जिल्ह्यात किती शेतकरी गेले हे मी पेपरात वाचलं होतं, जीकेसाठी पाठही केलं होतं. तिला मात्र एकदाही काही विचारलं नव्हतं.

त्या रात्री विचारलं.

ती बराच वेळ गप्प होती. मग काकाबद्दल बोलली. त्याचा कापूस, त्याचं कर्ज, हे सगळं तिने दोन वाक्यांत उरकलं. जास्त बोलली ती त्याच्या शिट्टीबद्दल. वावराच्या धुऱ्यावरून काका शिट्टी वाजवायचा आणि बैल आपोआप घराकडे वळायचे. "अशी," ती म्हणाली, आणि अंधारात हळूच वाजवून दाखवली. एक लांब, मग दोन आखूड.

लॅपटॉप समोरच उघडा होता. रेकॉर्ड करावं असं क्षणभर मनात आलं, पण विचारायचा धीर झाला नाही.

फाईल सबमिट झाली, देवमाशाला दहापैकी नऊ मार्क मिळाले. हा लेख छापायला देण्याआधी मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "शिट्टीचं राहू दे, काढू नको."

म्हणून राहू दिलंय.