प्लस खाली

हस्ताचा पाऊस पडून गेला की मंगळवेढ्याच्या काळ्या रानात कुणाला दम नसतो. चार-पाच दिवस पाय घालता येत नाही असा चिखल, मग वापसा, आणि वापसा मोडायला लागला की वरचा थर बघता बघता कोरडा होतो. त्या मधल्या दिवसांत मालदांडी मातीआड झाली पाहिजे. पुढं तिला पाऊस नाही. काळ्या मातीनं जी ओल धरून ठेवलीय तिच्यावरच तिला कणसापर्यंत जायचं असतं.

१९८९ साली नेमका त्याच दिवसांत आमच्या ट्रॅक्टरचा डायनामो गेला.

ट्रॅक्टर म्हणजे इंटरनॅशनल बी-२७५. आण्णांनी एका बागायतदाराकडून जुनाच घेतलेला. तांबडा रंग उडून विटकरी झालेला, पण इंजीन खणखणीत. डायनामो गेल्यावर बॅटरी बसली, सेल्फ मारला की नुसता ‘टक’ आवाज. रोज संध्याकाळी तो मारुतीच्या देवळापुढच्या उतारावर लावायचा आणि सकाळी ढकलून चालू करायचा. दिवसाचं काम त्यात भागायचं. पण पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर रात्रीच जास्त चालतो, आणि आमच्या दिव्यांचा उजेड काजव्याएवढा.

त्यात आण्णांनी धाकल्या काकूला शब्द दिलेला. चुलते आदल्या वर्षी गेले, काकूनं बैलं विकली. "तुझ्या चार एकराला दसऱ्याच्या आत पाळी घालून देतो," असं आण्णा म्हणाले होते. त्यामुळं काकू रोज बांधावर येऊन बसायची. बोलायची काही नाही. नुसती बसायची.

मी नुकताच आयटीआयचा इलेक्ट्रिशियन होऊन आलो होतो. वही होती, टेस्टर होता, आणि डोक्यात हवा होती. आण्णा गावच्या मिस्त्रीला बोलावू म्हणत होते. मी म्हणालो, "मिस्त्री कशाला? मी बसवतो." पंढरपूरला एसटीनं जाऊन जुना पण दुरुस्त केलेला डायनामो आणला. जीपचा होता, पण माप तेच. येताना बॅटरीही चार्ज करून आणली. डायनामो बसवला, पट्टा ताणला, मोठी वायर डी-ला, बारकी एफ-ला. सगळं वहीत होतं तसं.

इंजीन चालू करून रेस दिली आणि अँपिअर मीटरचा काटा वजा बाजूला जाऊन आपटला. कटआऊटमधून जळका वास आला. घाबरून इंजीन बंद केलं, तरी वायरी तापायच्या थांबेनात. कटआऊटचे पॉईंट एकमेकांना चिकटले होते आणि बॅटरीच उलट डायनामोत रिकामी होत होती. बॅटरीची वायर हिसकून काढली तेव्हा कुठं ते शांत झालं.

आण्णा म्हणाले, "उलटं झालंय काय तरी."

मला राग आला. "आण्णा, वायरी बरोबर आहेत. डायनामोच खराब दिलाय त्यानं."

दुसऱ्या दिवशी डायनामो पोत्यात घालून परत पंढरपूर. दुकानदारानं तो टेबलावर बांधला, फिरवला, बल्ब लख्ख पेटवून दाखवला. "माल चांगलाय, पाव्हणं." मी तोंड पाडून शेवटच्या गाडीनं परत आलो. एक दिवस असा गेला. त्या दिवशी दुपारभर कडक ऊन होतं, हे मला एसटीच्या खिडकीतूनही कळत होतं.

रात्री कंदिलाच्या उजेडात मी परत वायरी तपासायला बसलो. आण्णा तंबाखू मळत शेजारी. मी बॅटरीची जाड पट्टी बॉडीला आवळायला लागलो तसे ते सहज म्हणाले, "जीपचं मायनस खाली असतंय न्हवं? आपल्या गाडीचं पलस खाली हाय. घेतली तवाच त्यानं सांगितलं हुतं."

मी थांबलोच.

डायनामोच्या पोलमध्ये आधीच्या चालण्याचं थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं. विरजणासारखं. त्या शिलकीवरच तो पहिली वीज करतो, आणि शिल्लक ज्या बाजूची, वीज त्याच बाजूची. आमचा डायनामो जीपच्या वळणाचा होता. बॅटरीला भरण्याऐवजी तो तिच्याशी जोडी जमवून सगळा करंट कटआऊटमधून ओढत होता. दुकानदारानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आणि वहीत हे सगळं होतं, शेवटच्या पानावर, मास्तरांनी "महत्त्वाचे" म्हणून खाली रेघ मारून सांगितलेलं.

पॉईंट पट्टीनं सोडवले, बारीक पॉलिश पेपरनं घासले. एफ-ची वायर काढली. बॅटरीच्या वजा टोकाकडून एक तार आणून डायनामोच्या एफ-ला नुसती टेकवली. टचकन ठिणगी. दोनदा, तीनदा. एवढंच. एफ-ची वायर परत जोडली आणि आण्णांना म्हणालो, "तुम्ही चालू करा." मला धीर होईना.

काटा थरथरला आणि अधिककडे सरकून थांबला. आण्णांनी दिवे लावले. देवळाची भिंत पांढरी झाली.

त्याच रात्री आम्ही काकूच्या रानात शिरलो. पहाटेपर्यंत ओढ्याकडचे दोन एकर झाले. माळाकडच्या दोन एकरांवर मात्र वरची ओल निघून गेलेली, फण लागला की ढेकळं उठायला लागली. ते घातलं कसंबसं, पण उगवण विरळ झाली. काकू मला एका शब्दानं बोलली नाही. मी मात्र त्या वर्षी माळाकडच्या वाटेनं फारसा गेलो नाही.

बॅटरीच्या पेटीवर मी ऑईलपेंटनं ठळक ‘प्लस खाली’ लिहिलं.

सुगीत काकू पाळीचे पैसे घेऊन आली तर आण्णांनी घेतले नाहीत. आईनं विचारलं, तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिच्याकडनं कशाला? ह्याच्याकडनं घेतो की."

आणि खरंच घेतले. माझ्या पहिल्या पगारातून.