संख्येचा वेष

संगणकाच्या भाषा हा आमच्या व्यासंगाचा विषय नव्हे. तथापि गुइडो व्हान रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेली पायथन भाषा आमचा नातू शिकूं लागल्यापासून तिचे कांहीं नियम कानांवर पडतात, आणि व्याकरणाची खोड जडलेल्या माणसास ते गोडही लागतात.

या भाषेंत १०० ही संख्या निराळी आणि अवतरणचिन्हांतील '१००' हीं अक्षरें निराळीं. पाणिनीचा संकेतच आहे कीं, शास्त्रांत शब्द स्वतःच्या रूपाचा बोध करतो, अर्थाचा नव्हे. अग्नीस प्रत्यय लावा म्हटलें म्हणजे तो 'अग्नि' या शब्दास लावावयाचा, चुलींतील निखाऱ्यास नव्हे! येथेंही तसेंच. १२ आणि ५ या संख्या मिळविल्या तर १७. तींच अक्षरें मिळविलीं तर '१२५'.

हा भेद केवळ पंडिती नाहीं. गेल्या वर्षीं एका विद्यार्थिसाहाय्यक निधीच्या शिष्यवृत्तीची यादी तपासण्यास आम्हांस बोलाविलें होतें. पहिल्या दहांची फी निधि भरणार होता. शंभर टक्के गुण मिळविलेली एक मुलगी यादीच्या अगदीं तळाशीं! तिचे वडील रिक्षा चालवितात. नकारपत्रें लिहून तयार होतीं.

नातवानें कारण शोधलें. टक्केवारी काढणाऱ्या फंक्शननें संख्येऐवजीं दोन दशांश स्थळांचीं अक्षरें परत दिलीं होतीं. ९२.५ ही संख्या छापतांना ९२.५ अशीच दिसते. पुढचें शून्य संख्येच्या अंगीं नसतें, लिहिण्यांत असतें. तें शून्य दिसावें म्हणून लेखनिकानें हा उपाय योजला. २०१६ सालच्या ३.६ या आवृत्तीपासून तर अशी सजावट फारच सोपी झाली आहे. परंतु अक्षरांचा क्रम शब्दकोशाप्रमाणें पहिल्या अक्षरापासून लागतो. '९' पुढें '१' धाकटाच ठरणार. फंक्शननें संख्याच परत द्यावी आणि छापण्याच्या क्षणीं तिला वेष चढवावा, एवढा फरक करतांच ती मुलगी प्रथम आली. नकारपत्र आम्हीं स्वतः फाडलें.

एक तक्रार मात्र उरते. स्वल्पविराम घालण्याची या भाषेंतील सोपी खूण एक लाखाचे १००,००० करते. आमच्या डोळ्यांस १,००,००० हवे. त्यासाठीं नातवानें निराळें फंक्शन लिहिलें आहे. तें अक्षरेंच परत देतें, आणि तें योग्यच आहे. कारण त्याचें काम दाखविण्याचें आहे, मोजण्याचें नव्हे.